झटका-कुंपणातील दोष कसे शोधावेत?

सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या, भुईमूग पोसू लागला आणि मक्याच्या कणसांत दुधाळ दाणे आले, की रानडुकरांचे कळप शिवारात उतरू लागतात. विदर्भात त्यांच्या जोडीस रोहीही असतात. चार महिन्यांच्या कष्टाचे पीक एका रात्रीत जमीनदोस्त होते. पूर्वी अशा वेळी शेतकरी मचाण बांधून रात्ररात्र जागल करीत असे. अलीकडे त्या जागलीचा भार हलका करण्यासाठी सौर ऊर्जेवर चालणारे विजेचे कुंपण, म्हणजे गावोगाव ज्यास ‘झटका मशीन’ म्हणतात ते, बरेच शेतकरी बसवू लागले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतूनही वनालगतच्या गावांतील शेतकऱ्यांना अशा कुंपणासाठी अनुदान देण्यात आले आहे.

परंतु कुंपणाच्या बाबतीत एक तक्रार वारंवार ऐकू येते. पहिल्या हंगामात कुंपण उत्तम चालते; दुसऱ्या हंगामात जनावरे त्यातून खुशाल आत येतात. मशीनवरील दिवा लुकलुकत असतो, टिकटिक ऐकू येत असते, तरी झटका बसत नाही. मग ‘मशीन बिघडले’ असे ठरवून शेतकरी ते काढून ठेवतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोणाच्या तरी सांगण्यावरून तारेत सरळ मुख्य लाइनीची वीज सोडतो. वास्तविक पाहता अशा तक्रारींपैकी पुष्कळशा तक्रारींत मशीन चांगलेच असते. दोष बॅटरीत, अर्थिंगमध्ये किंवा तारेत असतो आणि तो थोड्या खर्चात दूर करता येतो. तो क्रमाने कसा शोधावा, हे प्रत्येक कुंपणधारक शेतकऱ्यास व ग्रामकार्यकर्त्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कुंपणाचे कार्य कसे चालते

दोष शोधण्यापूर्वी कुंपणाचे कार्य समजून घेणे इष्ट होय. बॅटरीतील १२ व्होल्टची वीज मशीनमध्ये साठविली जाते आणि ठरावीक अंतराने, साधारणपणे सेकंद-सव्वा सेकंदास एकदा, अनेक हजार व्होल्टच्या दाबाने तारेत सोडली जाते. प्रत्येक झटका सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. दाब मोठा असला तरी काळ अत्यल्प असल्यामुळे जनावरास जबर चटका बसतो, परंतु त्याचा प्राण जात नाही. शिवाय दोन झटक्यांच्या मध्ये तार मोकळी असल्यामुळे त्यास मागे सरता येते. कुंपण सुरक्षित असते ते ह्या विश्रांतीमुळेच.

विजेचा मार्ग पुरा झाल्याखेरीज झटका बसत नाही. मशीनमधून वीज तारेत जाते, तारेतून जनावराच्या अंगात, तेथून पायांवाटे जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळयांवाटे पुन्हा मशीनमध्ये येते. विहिरीतून निघालेले पाणी पाटाने जावे तसाच हा प्रकार आहे. पाट कोठे फुटला, तर शेवटच्या वाफ्यास पाणी पोहोचत नाही. पाट कोठे बुजला, तरी पोहोचत नाही. कुंपणातील दोषही ह्या दोनच जातीचे असतात. एक तर वीज वाटेत जमिनीत गळते, किंवा तिची वाट कोठे तरी तुटलेली असते.

तपासणीपूर्वीची खबरदारी

तारेस, जोडास किंवा सळईस हात लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी मशीन बंद करावे आणि ते दुसऱ्या कोणी सुरू करणार नाही अशी व्यवस्था ठेवावी. आकाशात गडगडाट होत असेल, तर कुंपणाजवळ जाऊ नये. हृदयाच्या आजारासाठी यंत्र बसविलेल्या व्यक्तीने तपासणीचे काम करू नये. झटक्यांमधील अंतर सेकंदाहून कमी झाले आहे, किंवा झटका न तुटता सलग येत आहे असे दिसल्यास मशीन तत्काळ बंद करावे व जाणत्या कारागिराकडून दुरुस्त करून घेतल्यावाचून पुन्हा जोडू नये.

तपासणीसाठी कुंपणाचा स्वतंत्र व्होल्टमीटर बाळगावा. घरातील विजेचा स्क्रू-ड्रायव्हरसारखा टेस्टर किंवा साधा मल्टिमीटर कुंपणाच्या तारेस लावू नये. ही साधने काही शे व्होल्टांसाठी केलेली असतात. कुंपणाचा दाब काही हजार व्होल्ट असतो. गवताची काडी तारेस लावून मुंग्या येतात का ते पाहण्याची रीत काही ठिकाणी आहे. तीवरून वीज आहे एवढेच कळते. किती आहे हे कळत नाही, आणि खरा प्रश्न किती हाच असतो.

पहिली पायरी : मशीन की कुंपण?

प्रथम मशीन बंद करून कुंपणाकडे जाणारी तार त्यापासून सोडवावी. अर्थिंगची तार तशीच राहू द्यावी. आता मशीन सुरू करून त्याच्या बाहेरच्या टोकावरील दाब मोजावा आणि माहितीपुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. चांगल्या मशीनवर हा दाब बहुधा ८,००० व्होल्ट किंवा त्याच्या आसपास असतो. नंतर मशीन बंद करून कुंपण पुन्हा जोडावे व कुंपणाच्या दूरच्या टोकास दाब मोजावा. तेथे निदान ४,००० व्होल्ट मिळावयास हवेत. रानडुकराची कातडी जाड व केस राठ असतात. त्याहून कमी दाबाची ते फारशी पर्वा करीत नाही.

एकट्या मशीनवरच दाब कमी असेल, तर दोष मशीनमध्ये किंवा त्यास मिळणाऱ्या विजेत आहे. मशीनवर दाब पुरेसा आहे, परंतु कुंपण जोडताच तो कोसळतो, असे आढळल्यास दोष तारेत आहे. मशीनवर व तारेवर दोन्हीकडे दाब चांगला असूनही जनावर आत येत असेल, तर अर्थिंग, कोरडी जमीन किंवा तारांची उंची ह्यांचा विचार करावा. एवढ्या एका परीक्षेने अर्धे काम होते.

दुसरी पायरी : बॅटरी व सौर पाटी

बॅटरीची तपासणी सकाळी, ऊन सौर पाटीवर येण्यापूर्वी, करावी. १२ व्होल्टच्या पाण्याच्या बॅटरीवर साध्या मीटरने १२.६ च्या आसपास आकडा आला, तर ती भरलेली आहे असे समजावे, १२.२ आला तर निम्मी उरली आहे आणि १२ च्या खाली गेला तर ती रिकामी होत आली आहे. रोज सकाळी आकडा उतरलेलाच दिसत असेल, तर पाटीकडून भरणा होत नाही, किंवा बॅटरी साठा धरून ठेवीत नाही.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी अथवा हिरवट बुरशीसारखी पूड जमते. ती खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन काढावी, टोके कोरडी करून घट्ट आवळावीत आणि वर व्हॅसलिनचा हात फिरवावा. आतील पाणी पट्ट्यांच्या खाली गेले असेल, तर शुद्ध केलेले बॅटरीचे पाणीच घालावे. विहिरीचे पाणी घालू नये.

सौर पाटीवर धूळ, पक्ष्यांची विष्ठा किंवा कोळिष्टके असल्यास ओल्या फडक्याने पुसावीत. पाटीचे तोंड दक्षिणेस असावे. बसविताना मोकळी असलेली पाटी दोन वर्षांत वाढलेल्या बाभळीच्या किंवा शेवग्याच्या सावलीत आल्याचे कित्येकदा आढळते. सावली पाटीच्या लहानशा भागावर पडली तरी वीज पुष्कळ घटते. भर दुपारी पाटीची तार सोडवून मोजल्यास १२ व्होल्ट बॅटरीसाठी असलेल्या पाटीवर १८ ते २२ व्होल्ट दिसावयास हवेत. आकडा फारच कमी असेल, तर जोड तपासावेत. उंदीर किंवा खार तार कुरतडते, हेही लक्षात असू द्यावे.

श्रावणातील झडीत चार-सहा दिवस ऊन पडत नाही. अशा वेळी बॅटरी घरी आणून चार्जरवर भरून घ्यावी लागते. ती भरताना मशीनपासून व कुंपणापासून पूर्णपणे अलग करावी. बॅटरी मशीनला जोडलेली असताना तिला मुख्य विजेवरील चार्जर लावणे धोक्याचे आहे. चार्जर बिघडल्यास लाइनीची वीज कुंपणात उतरू शकते.

तिसरी पायरी : अर्थिंग

ज्या कुंपणात झटका कमी बसतो, त्यात अर्थिंग कच्चे असणे ही अगदी नित्याची गोष्ट आहे. एखादी हातभर सळई बांधावर ठोकून काम भागविलेले असते. पावसाळ्यात जमीन ओली असल्यामुळे ते खपून जाते आणि हिवाळ्यात हरभऱ्याच्या वेळी कुंपण निकामी होते.

अर्थिंगसाठी जस्ताचा मुलामा दिलेल्या सहा फूट लांबीच्या निदान तीन सळया एकमेकींपासून दहा फुटांवर पूर्ण खोल ठोकाव्यात आणि त्या एकाच तारेने, पकडीच्या क्लॅम्पने घट्ट जोडाव्यात. नुसता पीळ देऊन केलेला जोड गंजतो व सैल होतो. जागा शक्य तो ओलाव्याची निवडावी. काळ्या जमिनीस उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या वेळी सळई व माती ह्यांच्यात पोकळी राहते. तेथे वरचेवर पाणी ओतावे. मुरमाड जमिनीत सळया अधिक लागतात. मोटारपंपाच्या किंवा घराच्या विजेच्या अर्थिंगपासून ह्या सळया निदान तेहतीस फूट दूर असाव्यात. कुंपणाचे अर्थिंग पंपाच्या अर्थिंगला अथवा पाण्याच्या लोखंडी नळास कधीही जोडू नये. तसे केल्यास पंपावर किंवा नळावर झटके बसू लागतात.

अर्थिंग पुरेसे आहे की नाही, हे ठरविण्याची परीक्षा सोपी आहे. मशीन बंद करून त्यापासून सुमारे तीनशे तीस फुटांवर दोन-तीन लोखंडी सळया तारेस टेकवून जमिनीत रोवाव्यात, म्हणजे वीज मुद्दाम जमिनीत जाईल. मशीन सुरू करून तारेवरील दाब २,००० व्होल्टच्या खाली आला आहे याची खात्री करावी. आला नसल्यास मशीन बंद करून आणखी सळया टेकवाव्यात. नंतर मीटरचे एक टोक अर्थिंगच्या शेवटच्या सळईस लावावे व दुसरे टोक तीन फुटांवर जमिनीत खुपसावे. आकडा ३०० व्होल्टच्या आत असेल, तर अर्थिंग चांगले आहे. अधिक असेल, तर सळया वाढवून पुन्हा पाहावे. शेवटी मशीन बंद करून टेकविलेल्या सळया काढून घेण्यास विसरू नये.

चौथी पायरी : तारेतील गळती

मशीन व अर्थिंग निर्दोष ठरल्यानंतर तारेकडे वळावे. मैलभर तार हिंडून पाहण्यापेक्षा कुंपणाचे निम्मे-निम्मे भाग पाडून दोष शोधणे सोईचे जाते.

समजा, कुंपण २,४०० फूट लांबीचे आहे. एकट्या मशीनवर दाब ८,५०० व्होल्ट असून कुंपण जोडताच तो २,२०० वर येतो. मशीन बंद करून कुंपण मधोमध, १,२०० फुटांवर, सोडवावे. पुन्हा सुरू केल्यावर अलीकडच्या भागात दाब ७,८०० झाला, तर हा भाग निर्दोष असून गळती पलीकडे आहे. आता मधला जोड पूर्ववत करून १,८०० फुटांवर तार सोडवावी. दाब पुन्हा २,३०० वर आला, तर दोष १,२०० व १,८०० फुटांच्या दरम्यान आहे. त्याच रीतीने १,५०० फुटांवर पाहिले असता केवळ तीनशे फूट तार तपासण्याची उरते. पंधरा फुटांवर एक खांब धरल्यास वीस खांब. कुंपणाची दोन्ही टोके एकमेकांस जोडून कडे केलेले असेल, तर आधी ते मशीनजवळ उघडावे. नाही तर वीज दुसऱ्या बाजूने येऊन हिशेब चुकवील. ह्या कामासाठी कुंपणात ठरावीक अंतरावर कट-आउट खटके बसवून ठेवल्यास तार सोडविण्याचे श्रम वाचतात.

उरलेल्या टप्प्यात पुढील गोष्टी बारकाईने पाहाव्यात.

गवत व वेली : पावसाळ्यात हराळी, केना व बांधावरील वेली खालच्या तारेस टेकतात. एक ओली काडी थोडीच वीज नेते. परंतु हजार काड्या मिळून सारा झटका पिऊन टाकतात. तारेखालील दोन फुटांचा पट्टा विळ्याने स्वच्छ ठेवावा.

इन्सुलेटर : उन्हाने प्लास्टिकचे इन्सुलेटर तडकतात, त्यांच्या भेगांत पाणी व धूळ शिरून वीज खांबात उतरते. इन्सुलेटरऐवजी सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळण्याची रीत चुकीची आहे. काळ्या रबरात काजळी मिसळलेली असते आणि मोठ्या दाबाची वीज तिच्यातून वाट काढते. ओला लाकडी खांबही विजेस अडवीत नाही.

फाटकाखालील तार : फाटकाच्या एका बाजूकडून दुसरीकडे वीज नेण्यासाठी घरगुती वायर जमिनीत पुरलेली असते. तिचे आवरण १,१०० व्होल्टपर्यंतच्या दाबासाठी केलेले असते. कुंपणाचा दाब ते फोडून टाकतो. बाहेरून काहीही दिसत नाही आणि कुंपण मात्र कायमचे अशक्त राहते. येथे कुंपणासाठीच केलेली दुहेरी आवरणाची, २०,००० व्होल्ट सोसणारी तार प्लास्टिकच्या नळीतून घालावी.

जोड : गंजलेले व सैल जोड विजेची वाट अडवितात. तांब्याची तार जस्ताच्या तारेस जोडल्यास जोड लवकर खातो; दोन्हीकडे एकाच धातूची तार वापरावी.

तुटकी व लोंबती तार : जुन्या कुंपणाची पडलेली तार, काटेरी तार किंवा लोखंडी अँगल यांचा तारेस स्पर्श होत नाही ना, हे पाहावे. कधी कधी खालच्या तारेवर मेलेला सरडा किंवा साप अडकलेला असतो.

गळती डोळ्यांस दिसत नसेल, तर अंधार पडल्यावर कुंपणाच्या कडेने शांतपणे चालावे. सदोष इन्सुलेटरजवळ झटक्याबरोबर चट्‌चट् असा आवाज ऐकू येतो व निळसर ठिणगी दिसते. जुना मीडियम वेव्हचा रेडिओ असल्यास तो दोन केंद्रांच्या मध्ये लावून सोबत न्यावा. ठिणगी उडत असलेल्या जागेजवळ त्यातील खरखर मोठी होते.

दाब चांगला, तरीही जनावर आत

मीटर ६,००० व्होल्ट दाखवितो आणि सकाळी पिकात खुरांचे ठसे दिसतात, असेही घडते. ह्याचे एक कारण कोरडी जमीन हे होय. उन्हाळ्यात वरचा थर भाजून निघाला, की जनावराच्या पायांतून वीज खाली जात नाही. अशा ठिकाणी सर्व तारा विजेच्या न ठेवता एकाआड एक तार अर्थिंगला जोडावी. जनावर तारांमधून अंग घालू लागले, की दोन्ही तारा त्यास लागतात व जमिनीच्या मदतीवाचून झटका बसतो. ह्या दोन जातींच्या तारा ताणलेल्या असाव्यात. त्या एकमेकींस टेकल्यास कुंपण बंद पडल्यासारखेच आहे.

दुसरे कारण तारेची उंची. रानडुक्कर उडी मारण्यापेक्षा बहुधा नाकाने उकरून खालून घुसते. म्हणून सर्वांत खालची तार जमिनीपासून आठ ते दहा इंचांवर हवी. पावसाने बांध खचला किंवा घळ पडली, की तार जागच्या जागी राहते आणि तिच्याखाली दीड फुटाचे दार उघडते. तेथे जादा खुंट ठोकून तार खाली ओढून घ्यावी.

राखणीच्या कुत्र्याचे वर्तन ह्या बाबतीत चांगले निदर्शक असते. कुत्रा नवी वस्तू नाकाने हुंगून पाहतो. ओलसर नाकास एकदा झटका बसला, की तो त्या तारेपासून दूर राहतो. वस्तीवरचा कुत्रा तारेखालून पुन्हा निःशंकपणे ये-जा करू लागला, तर तेथे झटका कमी झाला आहे किंवा वाट मोकळी झाली आहे, असे समजून त्या ठिकाणी मीटर लावावा. रानडुकरांसही नाकावरचा झटकाच शिकवितो. यास्तव कुंपण पीक कोवळे असतानाच सुरू करावे. कणसाची चव लागलेला कळप सहजी मागे फिरत नाही. दिवसा बंद व रात्री सुरू, किंवा आज सुरू व उद्या बंद, असे ठेवल्यास जनावरांचा धाक मोडतो.

जे कदापि करू नये

झटका कमी पडतो म्हणून एका कुंपणास दोन मशीने जोडू नयेत. दोघांचे झटके एकमेकांत मिसळून मधली विश्रांती नाहीशी होते. काटेरी तारेत वीज सोडू नये. तीत अडकलेल्यास सुटता येत नाही. कुंपण विजेच्या लाइनीखालून शक्य तो नेऊ नये, आणि वाटेच्या कडेस सूचनेच्या पाट्या अवश्य लावाव्यात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की मुख्य लाइनीची २३० व्होल्टची वीज तारेत कधीही सोडू नये. मशीनचा दाब हजारो व्होल्टांचा व लाइनीचा केवळ २३० चा, तेव्हा लाइनीची वीज सौम्य असली पाहिजे, हा समज प्राणघातक आहे. लाइनीच्या विजेस विश्रांती नसते. हाताचे स्नायू आखडून तार घट्ट धरली जाते व माणसास सुटता येत नाही. अशा तारांना लागून महाराष्ट्रात शेतकरी, शेतमजूर व वाटसरू मृत्युमुखी पडले आहेत. विदर्भात वाघ व बिबटेही मेले आहेत. कित्येकदा बळी जातो तो तार लावणाराच, किंवा पहाटे पाणी देण्यास निघालेला त्याच्या घरचा माणूस. अनधिकृतपणे वीज घेणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ खाली गुन्हा आहे. मनुष्यहानी झाल्यास भारतीय न्याय संहिता, २०२३ व वन्य प्राणी मेल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये कारवाई होते. कायद्याचा विचार बाजूस ठेवला, तरी दोन पोती सोयाबीन वाचविण्यासाठी कोणाचाही जीव पणास लावणे योग्य नव्हे.

नित्य देखभाल

दर आठवड्यास कुंपणाच्या दूरच्या टोकाचा दाब मोजून तो तारखेसह वहीत लिहून ठेवावा. ६,५०० वरून ५,८०० आणि ५,८०० वरून ४,९०० असा आकडा उतरत गेला, की जनावर आत येण्यापूर्वीच दोषाची चाहूल लागते. पावसाळ्यापूर्वी इन्सुलेटर व जोड, श्रावण-भाद्रपदात तारेखालील गवत, दिवाळीनंतर अर्थिंगचा ओलावा आणि उन्हाळ्यात बॅटरीचे पाणी, असा वर्षाचा क्रम ठेवावा.

गावात दहा-पंधरा कुंपणे असल्यास सर्वांनी मिळून एक चांगला मीटर घ्यावा. ग्रामकार्यकर्त्यांनी एखाद्या शेतावर शेतकऱ्यांस जमवून दाब मोजणे, अर्थिंगची परीक्षा व निम्म्या-निम्म्याने दोष शोधणे ह्या तीन गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. ज्यास आपल्या कुंपणाचा दोष स्वतः शोधता येतो, तो शेतकरी लाइनीच्या तारेकडे वळत नाही. त्याचे पीक वाचते, आणि रात्री शिवारातून येणारा-जाणारा सुखरूप घरी पोहोचतो.